पडद्यावर अडकलेला हात

होस्नियाच्या डाव्या कानामागून मानेपर्यंत एक जाड पांढरा वळ आहे. ओढणीखाली तो दिसत नाही, पण दुपारी दुकान बंद करून ती माझ्याकडे केस विंचरून घ्यायला बसते तेव्हा दिसतो. मायक्रोफोनच्या वायरीचा आहे. तिचा नवरा दुर्रहमान लग्नांचं शूटिंग करायचा आणि काही बिनसलं की वायर हाताशी असायचीच. एकदा तिने कॅमेऱ्याची तिपाई उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली. तो लंगडत लंगडत मलेशियाला कामाला गेला आणि तिकडेच त्याने दुसरा संसार थाटला. कॅमेरा, कॉम्प्युटर आणि तिपाई इथेच राहिली.

आमच्या मदुरा बेटावर बाईने कॅमेरा घेऊन फिरायचं म्हणजे आधी लोक हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की बाई नवरीच्या खोलीत जाऊ शकते, स्वयंपाकघरात जाऊ शकते, मेंदी काढताना शेजारी बसू शकते. पुरुष कॅमेरावाल्याच्या सीडीत नुसते टोपी घातलेले पाहुणे दिसतात. होस्नियाच्या सीडीत आख्खं घर दिसतं. दोन-तीन मोसमांत आसपासच्या गावांतली सगळी लग्नं तिच्याकडे आली. सगळे तिला ‘एम्बुक’ म्हणू लागले, मोठी बहीण. तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

ती प्रेमळ वगैरे अजिबात नाही. नवरीची आई रडायला लागली, की ही कॅमेऱ्यामागून ओरडते, “जरा इकडे तोंड करून रडा.”

रक्त बघून मात्र ती गप्प होते. तिचा धाकटा भाऊ पाटाच्या पाण्यावरून झालेल्या भांडणात विळ्याने मारला गेला. तेव्हा ती वयात आली होती नव्हती. घरातल्या बाया किंचाळत असताना हिनेच त्याचा लोंबणारा पंजा मनगटाशी जुळवून फडक्याने बांधला होता, पुरताना माणूस अख्खा दिसावा म्हणून. अशा विळ्याने केलेल्या सूडाला आमच्याकडे चारोक म्हणतात. जमिनीवरून होतो, पाण्यावरून होतो, पण सगळ्यात जास्त बायकोवरून होतो. कुणी कुणाच्या बायकोकडे नको तसं बघितलं, की नवऱ्याच्या सदऱ्याच्या आत, पाठीशी, विळा येतो. मग घरचेही त्याला अडवत नाहीत. अडवलं तर तेही त्या लाजेत बुडाले.

त्या वर्षी तंबाखू चांगला गेला आणि लग्नं एकावर एक आली. प्रत्येकाला सीडी लगेच हवी. होस्नियाने कधी नव्हे ते स्वस्तातल्या कोऱ्या डिस्क आणल्या आणि मशीन सगळ्यात जोरात सोडून कॉप्या काढल्या. वर लेबल. नवरा-नवरीचा रंगीत फोटो छापलेलं गोल चिकट लेबल सीडीवर नसेल, तर आमच्याकडे लोक ती लग्नाची सीडी मानतच नाहीत. दमट हवेत हाताने चिकटवलेलं लेबल कुठेतरी फुगतं आणि सीडी फिरताना लटपटते. हे होस्निया दरवर्षी सांगायची. लोक म्हणायचे, “लटपटू दे, फोटो पाहिजे.”

एका बाजाराच्या दिवशी सकाळी रुमिया दुकानात आली. वरच्या टेकडीवरच्या राइसची बायको. हातात भाजीची रिकामी टोपली, ओढणी नाकापर्यंत ओढलेली. मी तेव्हा तिथेच होते. माझं शिवणाचं दुकान भिंतीला भिंत लागून आहे. होस्नियाने तिची ओढणी खाली केली. खालचा ओठ फाटला होता, समोरचा दात अर्धाच उरला होता आणि जबडा एका बाजूने भाकरीसारखा फुगला होता.

“एम्बुक,” ती म्हणाली, “ते चित्र पुढे ढकला.”

मग तुकड्यातुकड्यांत सगळं कळलं. राइसच्या पुतणीच्या लग्नाची सीडी आली म्हणून संध्याकाळी त्यांच्या लांबलचक अंगणात टीव्ही बाहेर काढला होता. भाऊबंद, शेजारी, पोरंटोरं सगळी चटयांवर. गाणं चाललं होतं, जेवणाच्या पंगती चालल्या होत्या. रुमिया पडद्यावर स्वयंपाकघराच्या दारातून केळीच्या वड्यांचं तबक घेऊन बाहेर आली. दारात बैदावी उभा होता, शेजारच्या वाडीतला, राइसच्या बरोबरीचा. त्याचा हात तिच्या मनगटावर आला, ती हसली, आणि चित्र थांबलं. नुसतं थांबलं नाही. चौकटी चौकटी होऊन फुटलं, मागे गेलं, परत हात मनगटावर, परत हसू, परत थांबलं. गाणाऱ्या बाईचा अर्धा शब्द पुन्हा पुन्हा उचकीसारखा येत राहिला. राइसने उठून प्लेअरवर थापट मारली. हात तिथेच. पोरं हसायला लागली. मग म्हातारी सुमाती, राइसची आई, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, “बघा तरी. सोडतच नाही.”

 पाहुणे चटया गुंडाळून एकेक करून गेले. दार लागल्यावर राइसने पहिला ठोसा मारला तो थेट तोंडावर. तबक कलंडत होतं म्हणून त्याने सावरलं, हे ती सांगत राहिली, तेवढा मार वाढत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने विळा लोहाराकडे धारेला दिला. बैदावी तंबाखूच्या गोदामावर कामाला गेलेला, गुरुवारी दुपारच्या बसने परत येणार होता. राइस गुरुवारची वाट बघत होता. त्याच्यानंतर रुमियाचा नंबर होता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

होस्नियाने हळहळ केली नाही. तिने विचारलं, “दर वेळी तिथेच अडकतं? की कधी अलीकडे, कधी पलीकडे?”

“तिथेच.”

“मग दोष डिस्कचा. किंवा डिस्क आणि प्लेअर दोघांचा.”

तिने आपल्याकडची कॉपी लावली. आम्ही तिघी बघत होतो. तबक, दार, हात, हसू, संपलं. त्यानंतर आचारी आणि पातेली. मी म्हटलं, कुठे होतं? तिने मागे घेऊन पुन्हा दाखवलं. पापणी लवली तर दिसणार नाही इतकंच होतं ते. तबक डावीकडे झुकतं, वड्या घरंगळतात, बैदावी हात घालतो, झालं. रुमिया पडद्याकडे बघत रडायला लागली आणि फाटक्या ओठाला मीठ लागून कळवळली.

होस्नियाने त्याच दुपारी सगळ्यात हळू मशीन सोडून नवी सीडी काढली. चांगली डिस्क, वर लेबल नाही. ती घेऊन आम्ही दोघी टेकडीवर गेलो. राइस ओसरीत बसून गाडीच्या चाकाला तेल देत होता. त्याने सीडी लावली, शेवटपर्यंत बघितली. एकदाही अडकली नाही. मग ती बाहेर काढली, गुडघ्यावर ठेवली आणि कडकन मोडली. तिचे तुकडे उडाले, एक होस्नियाच्या हनुवटीला लागला आणि रक्ताचा थेंब तिच्या ओढणीवर पडला.

“तुम्ही मधलं कापलंत, एम्बुक,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “बाई बाईला वाचवणारच. जा आता.”

उतरताना ती चिडली होती, पण त्याच्यावर नाही. म्हणाली, “गाढव मी आहे. कापलंय असं कुणालाही वाटेल. नीट चालणारी सीडी नेली म्हणजे मीच कबुली दिली, की जुनीत काहीतरी होतं.” मी म्हटलं, मग त्या जुनीचं लेबलच सोलून काढ, लटपटायची थांबेल. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी जीभ चावली. लेबल ओढलं की खालचा चकाकता थर त्याच्याबरोबर सुटून येतो आणि सीडीवर काहीच उरत नाही. मग तर तिने पुरावाच खाल्ला असं झालं असतं. ती जुनीच सीडी, त्याच्याच डोळ्यांसमोर, त्याच्या घरच्यांसमोर सुरळीत चालली पाहिजे होती.

ती क्याई मुहदरांकडे, आमच्या धर्मगुरूंकडे गेली. आमच्या भागात त्यांचा शब्द पोलिसाच्या शब्दापेक्षा जड. क्याई पान चघळत ऐकत होते. म्हणाले, राइसला मी ऐकायला बसवू शकतो, पण लाज वाटून घेऊ नकोस असं सांगू शकत नाही. ती म्हणाली, ऐकायला नको, बघायला बसवा.

गुरुवारी सकाळी आम्ही भाड्याच्या पिकअपमध्ये टीव्ही आणि लटपटती सीडीही ओढून नेणारा तिचा प्लेअर घालून वर गेलो. क्याई आधीच येऊन अंगणाच्या टोकाला, नमाजाच्या लाकडी झोपडीत बसले होते. पाहुण्यांना आमच्याकडे तिथेच बसवतात. राइस होता, त्याचा थोरला भाऊ हासिप होता, भाऊबंदांतले काही म्हातारे होते. राइस ताठ बसला होता, पाठ टेकता येत नव्हती. विळा सदऱ्याच्या आत होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. म्हातारी सुमाती ओसरीतून बघत होती. रुमियाला आतच ठेवलं होतं.

होस्नियाने राइसलाच त्याची सीडी आणायला सांगितली. त्यानेच ती त्याच्या प्लेअरमध्ये घालावी म्हणाली, तिने हात लावला नाही. सीडी चालली. तबक, दार, हात. अडकली. उचकी सुरू झाली. राइसच्या मानेची शीर वर आली. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

“आता ही काढ,” होस्निया म्हणाली, “आणि माझ्या प्लेअरमध्ये घाल. तीच. तूच घाल.”

त्याने घातली. हात आला आणि गेला. वड्या घरंगळल्या, आचारी आले, पातेली आली. एक म्हातारा म्हणाला, परत दाखव. राइसने परत लावली. परत तेच. दुसरा म्हातारा म्हणाला, अरे, हा तर तबक धरतोय. क्याईंनी पानाची पिंक टाकली आणि राइसकडे बघितलं. राइसचा चेहरा मात्र हलला नाही. म्हणाला, तुमच्या प्लेअरमध्ये काहीतरी भरून आणलं असेल. तो तुमचाच.

हासिप उठला. “थांबा. माझा आणतो. माझ्या प्लेअरमध्ये तर कुणी काही भरलेलं नाही?”

होस्नियाने मान डोलवली, पण मी तिच्या शेजारी होते आणि मला दिसलं, तिचे ओठ सुकले होते. हासिपचा प्लेअर तिने कधी बघितलेला नव्हता. तिथेही त्याच जागी अडकली असती तर खेळ संपला असता. बसची वेळ होत आली होती.

हासिपचा प्लेअर जुना, झाकणावर कोंबडीची पिसं. सीडी आत गेली, घरघरली, चालू झाली. रुमिया तबक घेऊन आली आणि निघून गेली. कुणीतरी श्वास सोडला. राइस खाली बघत होता. कुणी रिमोट हातात घेतला नाही, सीडी पुढे चालतच राहिली. नवरीच्या खोलीबाहेरची गर्दी. तिथे हासिपची बायको तैयिबा पाठमोरी उभी होती आणि तिच्या मागून राइस वाट काढत होता. त्याचा हात तिच्या खांद्यावर आला, बोटं मानेला लागलेली. आणि चित्र अडकलं.

चौकटी झाल्या, मागे गेलं, हात परत खांद्यावर. परत. गाण्यातला दुसराच कुठला तरी अर्धा शब्द ओरडू लागला.

हासिपने पडद्याकडे बघितलं, मग भावाकडे. त्याने राइसची गचांडी धरून त्याला उठवलं आणि भिंतीवर असा आपटला, की झोपडीच्या फळ्या हादरल्या. राइसचा हात पाठीकडे गेला. दोन म्हातारे मध्ये पडले, एकाच्या कोपराला अर्धवट बाहेर आलेलं पातं लागून रक्त आलं. क्याई ओरडले. हासिपने भावाच्या कानशिलात हाणली, परत हाणली.

“काक, ऐक,” राइस थोरल्या भावाला म्हणत होता. “मागून ढकललं कुणीतरी. पडत होतो मी. काक, माझी वहिनी आहे ती.” मग तो होस्नियाकडे वळला. “एम्बुक, पुढे घ्या ना ते. पुढे घ्या.”

रिमोट तिच्या मांडीवर होता. तिने तो उचलला नाही.

“तुझी बायको हेच म्हणत होती ना,” ती म्हणाली. “तू कुठे घेतलंस पुढे?”

पडद्यावर त्याचा हात तसाच होता. सुमाती ओसरीतून काही बोलली नाही. राइसच्या नाकातून रक्त येऊन सदऱ्यावर पडत होतं.  मग त्याने पाठीकडे हात नेला. सगळे दचकले. त्याने विळा काढून क्याईंच्या पुढ्यात चटईवर ठेवला आणि तिथेच खाली बसला.

हासिपने प्लेअरची वायर उपटली तेव्हा कुठे ते गाणं थांबलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. क्याईंनी दुआ म्हटली. हासिपला बसथांब्यावर पाठवलं, बैदावीला गाठून सांग, की इथे कुणी तुझी वाट बघत नाहीये. म्हातारे एकमेकांना तंबाखू देऊ लागले, थोडं हसूही लागले. एकजण म्हणाला, आता लग्नात हात खिशात घालून जेवायला हवं. राइसही हसला, नाक पुसत. बसायला परत जागा करून त्याने आत हाक दिली, “कॉफी आणा पाहुण्यांना.”

होस्निया तोवर स्वयंपाकघरात गेली होती. मीही गेले. रुमिया चुलीपुढे बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, फळ्यांची भिंत ती. तिने उकळत्या पाण्यात कॉफी आणि साखर टाकली, किटली भरली. मग हळू विचारलं, “आणि खरंच धरला असता हात, तर, एम्बुक?”

 होस्नियाने कप मांडले.

रुमिया किटली घेऊन बाहेर गेली. ओढणी तिने तोंडावर घेतली नव्हती. पाहुण्यांनी तिचा सुजलेला चेहरा आत्ता पहिल्यांदा बघितला आणि जो तो आपल्या कपाकडे बघू लागला. क्याईंना ओतली. म्हाताऱ्यांना ओतली. राइसने सगळ्यांसमोर मोठ्या मनाने म्हटलं, “झालं ते झालं. सीडीच खराब होती. तू मनात ठेवू नकोस.”

तिने त्याच्या मांडीवर सगळी किटली रिकामी केली.

तो ओरडला ते माणसासारखं नव्हतं. उठायला गेला, पाय चटईत अडकला, होस्नियाच्या प्लेअरवर पडला. लुंगी अंगाला चिकटली होती आणि तो ती सोडवायला ओढत होता तेव्हा कातडी सुटत होती. सुमाती धावत आली आणि तिने सुनेच्या पाठीत लाकूड हाणलं. रुमिया हलली नाही. किटली हातातच धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आता करा मला चारोक.”

कुणीच उठलं नाही. उठून करणार काय? पुरुषाने पुरुषाला मारायचं कसं, कुठे, कुणाच्या परवानगीने, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. बायकोने नवऱ्याला भाजलं तर विळा कुणावर काढायचा, हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. क्याईंच्या पुढ्यात, पाहुण्यांच्या देखत, आता तिच्यावर हात टाकला असता तर तो पाहुण्यांचा अपमान झाला असता. राइस कण्हत होता. क्याईंनी केळीचा गाभा आणायला सांगितलं, भाजल्यावर लावायला. मग त्यांनी तो विळा उचलून स्वतःच्या मांडीखाली घेतला आणि होस्नियाला मानेने खूण केली, की हिला ने.

आम्ही टीव्ही पिकअपमध्ये चढवला. रुमियाने आतून काही घेतलं नाही. ती मागे टीव्हीशेजारी, फळीवर बसली, पाठ टेकता येत नव्हती. होस्नियाने कडेवर आपला प्लेअर घेतला होता आणि त्याच्या फटींतून कॉफी गळत होती. ती तो वाकडा करून करून झटकत होती.

अर्ध्या उतारावर ती बोलली. “तो प्लेअर माझा होता, बये. जरा बाजूला धरून ओतायचं.”

रुमिया आधी नुसती बघत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता ओठ परत फाटला, हनुवटीवरून रक्त गळायला लागलं, तरी हसत राहिली. होस्नियाने एका हाताने प्लेअर सांभाळत दुसऱ्या हाताने ओढणीचं टोक तिच्या तोंडावर दाबून धरलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, खड्डे बघून चालव, मागे माणसं आहेत.